थायमसची स्लाइड कशी वाचायची: पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी

लिम्फॉइड टिश्यूच्या प्रॅक्टिकलला चार स्लाइड एकामागोमाग येतात: लिम्फ नोड, स्प्लीन, टॉन्सिल आणि थायमस (टी लिम्फोसाइट घडवणारी छातीतली ग्रंथी). चारही जांभळ्या, चारही लिम्फोसाइटनं गच्च भरलेल्या. त्यातली थायमस ओळखायला बहुतेक जण सरळ ४० एक्सची लेन्स लावतात आणि हॅसलचं कॉर्पसल (थायमसमध्ये दिसणारा, थराथरांचा गुलाबी गोळा) शोधत बसतात. ते सापडलं नाही की स्लाइड हातची जाते. हा क्रम उलटा करा. आधी कमी पॉवरवर काय नाही ते बघा, मग मेड्युला, म्हणजे आतला फिकट भाग, कसा जोडलेला आहे ते बघा, आणि हॅसलकडे सगळ्यात शेवटी जा. या क्रमानं गेलात तर कॉर्पसल दिसो न दिसो, स्लाइड चुकत नाही.

सेवाग्राम, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया, गडचिरोली अशा ठिकाणी मेडिकलला आलेल्या, तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजातून थेट हिस्टॉलॉजीच्या लॅबमध्ये बसलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिलं आहे. मायक्रोस्कोपला आजवर फारसा हात लागलेला नाही असं धरूनच पुढचं वाचा.

१. सोबत काय हवं

अॅप्रन, जर्नल, एचबी पेन्सिल, खोडरबर, गुलाबी आणि जांभळी रंगपेन्सिल (बॉक्समधली निळी चालेल, पण फिकट हातानं), लेन्स पुसायला लेन्स पेपर किंवा धुऊन मऊ झालेलं सुती फडकं. अॅप्रनच्या टोकानं लेन्स पुसू नका, त्यावरच्या धुळीनं ओरखडे पडतात. पावसाळ्यात लेन्सवर बुरशीचे धागे दिसले तर घासत बसू नका, लॅब असिस्टंटला सांगा.

लॉगबुक विसरू नका. अभ्यासक्रमात हे कौशल्य एएन ७०.२ या क्रमांकाखाली येतं: लिम्फॉइड टिश्यू मायक्रोस्कोपखाली ओळखणं, लिम्फ नोड, स्प्लीन, थायमस आणि टॉन्सिलची रचना सांगणं, आणि ती रचना कामाशी जोडणं. हे शेवटचं, म्हणजे कामाशी जोडणं, बहुतेक जण सोडून देतात, आणि व्हायवा नेमका तिथेच अडतो.

२. आदल्या दिवशी: पेशींचा रस्ता समजून घ्या

स्लाइड बघण्याआधी एवढं डोक्यात पक्कं असू द्या. बोन मॅरोमधून निघालेल्या कच्च्या पेशी रक्तातून येतात आणि कॉर्टेक्स (बाहेरचा गडद भाग) आणि मेड्युला यांच्या सीमेवरच्या पोस्ट-कॅपिलरी व्हेन्यूल या बारीक शिरांमधून थायमसमध्ये शिरतात. तिथून त्या बाहेरच्या बाजूला, कॅप्सूलखाली (ग्रंथीच्या वेष्टणाखाली) जातात. तिथे भराभर विभागतात आणि मग पुन्हा आत, मेड्युलाकडे सरकत येतात. कॉर्टेक्समध्ये त्यांची पहिली परीक्षा होते: शरीराचे एमएचसी रेणू (पेशींवरची, ओळख पटवणारी प्रथिनं) ओळखता येतात का? ज्यांना येत नाहीत त्या मरतात. दुसरी परीक्षा मुख्यतः मेड्युलामध्ये: स्वतःच्याच शरीरातल्या प्रथिनांवर धावून जातात का? ज्या जातात त्याही मरतात. ९५ टक्क्यांहून जास्त पेशी या दोन परीक्षांत संपतात, आणि उरलेल्या टी लिम्फोसाइट म्हणून बाहेर पडतात.

आता स्लाइडमध्ये दिसणाऱ्या गोष्टींना कारण मिळतं. कॉर्टेक्स गडद का? तिथे विभागणाऱ्या पेशींची दाटी आहे. मेड्युला फिकट का? तिथपर्यंत थोड्याच पोचतात आणि मधली एपिथेलियल पेशींची जाळी उघडी दिसते. कॉर्टेक्समध्ये मॅक्रोफेज का? मेलेल्या पेशी उचलायला कुणीतरी हवंच. हे कारणासकट कळलं की पाठांतर निम्मं होतं.

थायमसला इतकं मोठं काम आहे हे कळायला १९६१ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी जाक मिलर यांनी नवजात उंदरांतून थायमस काढला, तेव्हा त्या उंदरांची प्रतिकारशक्ती कोलमडली. त्याआधी ही ग्रंथी बिनकामाची समजली जायची.

जमल्यास आणखी एक करा. गावाकडे खाटकाकडे लहान बोकड कापला असेल तर मानेच्या बुडाशी श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना आणि हृदयाच्या पुढे असलेला फिकट गुलाबी, मऊ, दाणेदार भाग दाखवायला सांगा. तोच थायमस. मोठ्या बकऱ्यात तो नीट सापडायचा नाही. आणि डिसेक्शन हॉलमध्येही त्याची अपेक्षा ठेवू नका. तिथला देह बहुधा म्हाताऱ्या माणसाचा असतो, स्टर्नमच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) मागे थायमसच्या जागी चरबीचा गोळाच हाती लागतो.

३. मायक्रोस्कोप लावणं

स्लाइड ठेवण्याआधी कव्हरस्लिप वरच्या बाजूला आहे ना, हे बघा. नवख्यांची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. स्लाइड उलटी असली तरी ४ आणि १० एक्सवर सगळं ठीक दिसतं. ४० एक्सवर मात्र फोकस काही केल्या येत नाही, मुलं नॉब फिरवत राहतात आणि लेन्स काचेवर आदळते. ४० एक्सवर फोकस येत नसेल तर पहिला संशय उलट्या स्लाइडवर घ्या.

सुरुवात नेहमी ४ एक्सनं. मोठा नॉब फक्त ४ आणि १० एक्सवर वापरायचा, ४० एक्सवर फक्त बारीक नॉब. १०० एक्सची ऑइलची लेन्स या स्लाइडला लागतच नाही.

लाइन गेली तर थांबू नका. आरशाचा मायक्रोस्कोप असेल तर तो खिडकीजवळ घ्या, कंडेन्सर असताना सपाट आरसा आणि नसताना खोलगट आरसा वापरा. उजेड आभाळाचा घ्या, आरसा सूर्याकडे कधीच वळवू नका. आपल्याकडच्या उन्हात डोळ्याला इजा व्हायला क्षणही पुरतो.

एक हिशेब करून ठेवा. आयपीसवर १० एक्स आणि १८ असे आकडे असतील तर ४ एक्सवर तुम्हाला साधारण ४.५ मिलिमीटर रुंदीचा भाग दिसतो, १० एक्सवर १.८ आणि ४० एक्सवर फक्त ०.४५ मिलिमीटर. थायमसचा एक लोब्यूल, म्हणजे एक कप्पा, ०.५ ते २ मिलिमीटरचा असतो. म्हणजे ४० एक्सवर तुम्ही एका लोब्यूलच्याही आत हरवलेले असता, आणि तिथून ‘ही कुठली स्लाइड’ हे ठरवणं अवघड. म्हणून ओळख ४ एक्सवर करायची, खात्री ४० एक्सवर.

४. ४ एक्स: आधी नकार

लेन्सखाली ठेवण्याआधी स्लाइड उजेडाकडे धरून नुसत्या डोळ्यांनी बघा. जांभळे तुकडे आणि मधून पांढऱ्या भेगा दिसतील. त्या भेगा म्हणजे सेप्टा, कप्पे पाडणाऱ्या भिंती.

मग ४ एक्सवर एकेक गोष्ट खोडत जा.

कडेला जाड स्क्वॅमस एपिथेलियम आणि आत शिरलेल्या क्रिप्ट आहेत का? नाहीत, म्हणजे टॉन्सिल नाही. लाल पल्पचा मोठा पसारा आणि त्यात मध्ये मध्ये जांभळे गोळे, प्रत्येकात एका बाजूला सरकलेली धमनी आहे का? नाही, म्हणजे स्प्लीन नाही. कॅप्सूलच्या लगेच खाली सायनसची फिकट पट्टी आणि तिच्या आत ओळीनं गोल फॉलिकल (लिम्फोसाइटचे गोळे) आहेत का? नाहीत, म्हणजे लिम्फ नोड नाही.

उरतं ते हे: पातळ कॅप्सूल, तिच्यातून आत शिरलेले सेप्टा, त्यांनी पाडलेले लोब्यूल, आणि प्रत्येक लोब्यूलमध्ये बाहेर गडद, आत फिकट. कुठेही फॉलिकल नाही.

इथे एक सापळा आहे आणि दरवर्षी त्यात मुलं अडकतात. गडद रिंगच्या मध्ये फिकट गोल दिसला की ‘जर्मिनल सेंटर’ (फॉलिकलच्या मधला फिकट भाग) म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो, आणि थायमसची लिम्फ नोड होते. थायमसमध्ये तो फिकट गोल म्हणजे मेड्युलाचा आडवा कापलेला फाटा असतो. जर्मिनल सेंटर रेखीव गोल असतं, त्याच्याभोवती लहान लिम्फोसाइटची दाट कड असते, आणि ते एकटं उभं असतं. मेड्युलाची कड वेडीवाकडी असते, आणि स्लाइड थोडी सरकवली की तो शेजारच्या लोब्यूलच्या मेड्युलाला जाऊन मिळालेला कुठेतरी सापडतोच.

५. १० एक्स: मेड्युला जोडलेला आहे हे शोधा

थायमसचे सेप्टा अर्धवट असतात. ते कॉर्टेक्स चिरत सीमेपर्यंत येतात आणि तिथे थांबतात, मेड्युला तोडत नाहीत. त्यामुळे सगळ्या लोब्यूलचा मेड्युला एकच, सलग असतो.

हे पुस्तकातल्या सपाट चित्रावरून डोक्यात बसत नाही. मेसमधून फुलगोबीचा एक तुरा मागून घ्या आणि धारदार सुरीनं उभी पातळ चकती काढा. मधला पांढरा दांडा फांद्यांत फुटत गेलेला दिसेल आणि प्रत्येक फांदीच्या टोकावर फुलाची दाट टोपी. दांडा आणि फांद्या म्हणजे मेड्युला, दाट टोपी म्हणजे कॉर्टेक्स, दोन तुऱ्यांमधली फट म्हणजे सेप्टम. आता दुसरी चकती आडवी, वरच्या टोकाजवळून काढा. या वेळी फांद्या एकमेकींपासून सुट्या दिसतील, प्रत्येकीभोवती दाट कड. स्लाइडमध्ये लोब्यूल वेगवेगळे का भासतात याचं उत्तर या दुसऱ्या चकतीत आहे.

१० एक्सवर स्लाइड हळूहळू सरकवा, दोन लोब्यूलचा मेड्युला जिथे एकत्र आलेला दिसेल तिथे थांबा. जर्नलमधलं चित्र याच जागेचं काढायचं आहे, तेव्हा ती जागा लक्षात ठेवा किंवा मोबाइल आयपीसला धरून फोटो काढून ठेवा.

याच पॉवरवर मेड्युलामध्ये गुलाबी, गोलसर ठिपके शोधायला लागा.

६. ४० एक्स: तीन पेशी आणि एक कॉर्पसल

थायमोसाइट: गोल, गडद न्यूक्लिअस, भोवती सायटोप्लाझम जेमतेम. कॉर्टेक्समध्ये या इतक्या दाट असतात की दुसरं काही दिसत नाही. कॅप्सूलखालच्या जरा मोठ्या असतात, आतल्या लहान.

एपिथेलियल रेटिक्युलर पेशी: मोठा, फिकट, अंडाकृती न्यूक्लिअस, आजूबाजूला गुलाबी सायटोप्लाझम. त्या शोधायच्या तर मेड्युलामध्ये शोधा. कॉर्टेक्समध्येही आहेत, पण गर्दीत झाकल्या जातात.

मॅक्रोफेज: पोटात मेलेल्या पेशींचे गडद कण. कॉर्टेक्समध्ये फिकट डाग दिसला तर तिथे बघा.

हॅसलचं कॉर्पसल: आर्थर हिल हॅसल या ब्रिटिश डॉक्टरांचं नाव याला मिळालं, त्यांनी १८४० च्या दशकात याचं वर्णन केलं. चपट्या एपिथेलियल पेशी एकाभोवती एक थरांनी गुंडाळलेल्या असतात. बाहेरच्या थरांत न्यूक्लिअस दिसतात, आत जाल तसे नाहीसे होतात, आणि मध्यभागी गुलाबी, एकसंध केराटिन राहतं. कधी मध्यभाग गळून पोकळ होतो, कधी त्यात कॅल्शियम साठतं. आकार साधारण २० ते १०० मायक्रॉन किंवा थोडा जास्त, म्हणजे १०० मायक्रॉनचं कॉर्पसल ४० एक्सच्या क्षेत्राच्या रुंदीचा जवळपास पाव भाग व्यापेल. त्याहून खूप मोठं काही दिसलं तर ते कॉर्पसल आहे का, पुन्हा बघा.

याच्याशी रक्तवाहिनीची गल्लत होते. वाहिनीला स्पष्ट पोकळी असते, आत बहुधा लाल पेशी असतात, आणि पोकळीला पातळ एंडोथेलियमचं अस्तर असतं. कॉर्पसलच्या मध्यभागी केराटिन किंवा मेलेल्या पेशींचा चुरा असतो, लाल पेशी नाहीत. शिवाय कॉर्पसल सेप्टममध्ये कधीच नसतं.

कॉर्पसल सापडलंच नाही तर दोन कारणं संभवतात. स्लाइड गर्भाच्या थायमसची असेल तर ती कमी आणि लहान असतात. किंवा स्लाइड जुनी आहे आणि उजेडात राहून इओसिनचा गुलाबी रंग उडाला आहे. अशा स्लाइडमध्ये रंग शोधू नका, थरांचा गोलावा शोधा.

७. एपिथेलियल पेशींचे सहा प्रकार

साध्या एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या रंगांच्या) स्लाइडमध्ये हे सहा वेगळे ओळखता येत नाहीत, त्यामुळे ते शोधण्यात वेळ घालवू नका. हे प्रकार इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवरून आणि जागेवरून पाडलेले आहेत. बाहेरून आत असा क्रम धरला की पाठ करायची गरजच उरत नाही. पहिला: कॅप्सूल आणि सेप्टाच्या आतल्या कडेला आणि कॉर्टेक्समधल्या वाहिन्यांभोवती. दुसरा: कॉर्टेक्सच्या आत, फांद्या असलेल्या पेशी, डेस्मोसोम या सांध्यांनी एकमेकींना जोडलेल्या, पहिली परीक्षा घेणाऱ्या. तिसरा आणि चौथा: सीमेवर, तिसरा कॉर्टेक्सकडून, चौथा मेड्युलाकडून. पाचवा: मेड्युलाची जाळी. सहावा: हॅसलचं कॉर्पसल.

व्हायवात हमखास विचारतात की थायमसचा सांगाडा बाकी लिम्फॉइड अवयवांपेक्षा वेगळा कसा. लिम्फ नोड आणि स्प्लीनचा सांगाडा रेटिक्युलर तंतूंचा असतो, थायमसचा एपिथेलियल पेशींचा. कारण थायमस तिसऱ्या फॅरिंजियल पाऊचच्या (गर्भाच्या घशातल्या खोबणीच्या) एंडोडर्मपासून, म्हणजे आतल्या थरापासून, बनतो, आणि लिम्फोसाइट तिथे नंतर बाहेरून येऊन राहतात.

८. ब्लड-थायमस बॅरियर

प्रश्न छोटा, गुण हमखास. कॅपिलरीच्या पोकळीतून बाहेर येत क्रम लिहा: एंडोथेलियम (छिद्रं नसलेलं, घट्ट जोडलेलं), त्याची बेसल लॅमिना, मॅक्रोफेज असलेली कनेक्टिव्ह टिश्यूची जागा, एपिथेलियल पेशींची बेसल लॅमिना, आणि पहिल्या प्रकारच्या एपिथेलियल पेशी.

गुण जातात ते एका वाक्यावर: हा अडसर फक्त कॉर्टेक्समध्ये असतो हे लिहायचं राहतं. कच्च्या पेशींना बाहेरच्या अँटिजेनपासून दूर ठेवणं हे त्याचं काम, आणि कच्च्या पेशी कॉर्टेक्समध्येच असतात. थायमसमध्ये अफरंट (आत येणाऱ्या) लिम्फॅटिक नसतात, फक्त इफरंट (बाहेर जाणाऱ्या) असतात, हेही याच उत्तरात जोडा, विचार एकच आहे.

९. वयानुसार काय बदलतं

जन्माच्या वेळी वजन साधारण १० ते १५ ग्रॅम, वयात येताना ३० ते ४० ग्रॅम, मग उतार. उतारात आधी कॉर्टेक्स विरळ होतो, लिम्फोसाइट घटतात, त्यांची जागा चरबी घेते. हॅसलची कॉर्पसलं मात्र टिकून राहतात. म्हणून प्रौढाच्या स्लाइडमध्ये पांढऱ्या चरबीच्या पेशींमध्ये लिम्फोसाइटची बेटं आणि त्यात गुलाबी कॉर्पसल दिसलं, तर ती थायमसच.

उतार फक्त वयानं होत नाही. ताप, मोठं आजारपण, कॉर्टिकोस्टेरॉइड आणि उपासमार यांत कॉर्टेक्समधल्या पेशी झपाट्यानं मरतात. तीव्र कुपोषणात मुलाचा थायमस इतका आटतो की अल्ट्रासाउंडवरही तो लहान दिसतो. पुढे इंटर्नशिपला धारणी-चिखलदऱ्याकडे गेलात, तर कुपोषित बाळाला पुन्हा पुन्हा संसर्ग का होतो याचं एक उत्तर या स्लाइडमधल्या गडद पट्टीत आहे, हे तेव्हा आठवा.

हे न कळल्याची किंमत जगानं मोजलेली आहे. पूर्वी शवविच्छेदनाला येणारी मुलं बहुतेक गरिबांची आणि दीर्घ आजारानं गेलेली असत. त्यांचा आटलेला थायमस हाच नॉर्मल समजला गेला, आणि निरोगी बाळांचा मोठा थायमस हा आजार ठरला. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात अशा बाळांच्या छातीला क्ष-किरण देऊन तो आटवण्यात आला, आणि त्यातल्या काहींना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला. नॉर्मल काय हे ठरवताना नमुना कुणाचा होता हा प्रश्न प्रत्येक स्लाइडला विचारा.

१०. जर्नलमधलं चित्र

एकच चित्र, पानाच्या निम्म्या भागात, दोन लोब्यूल आणि त्यांना जोडणारा मेड्युला. कॅप्सूल आणि सेप्टम आधी पेन्सिलीनं हलकेच आखा, सेप्टम मेड्युलाच्या अलीकडे थांबवा. तो आरपार नेलात तर बाकी चित्र कितीही सुंदर असो, चूकच. कॉर्टेक्समध्ये जांभळे ठिपके दाट, मेड्युलामध्ये विरळ. रंग चोळून भरू नका, ठिपक्यांनीच गडद-फिकट दाखवा. मेड्युलामध्ये दोन किंवा तीन कॉर्पसल गुलाबी रंगात, त्यांचे आकार वेगवेगळे ठेवा. कॉर्टेक्समध्ये एकही नको.

नावं उजव्या बाजूला, सरळ रेषांनी, एकमेकींना न छेदता: कॅप्सूल, सेप्टम, रक्तवाहिनी, कॉर्टेक्स, मेड्युला, हॅसलचं कॉर्पसल, थायमोसाइट, एपिथेलियल रेटिक्युलर पेशी. चित्र पुस्तकातून उतरवू नका. बघणाऱ्या मॅडम-सरांना ते लगेच कळतं, आणि स्पॉटरला, म्हणजे स्लाइड ओळखायच्या परीक्षेत, तुम्हाला पुस्तक दिसणार नसतं.

११. स्पॉटर आणि व्हायवा

स्पॉटरला मायक्रोस्कोप आधीच फोकस करून ठेवलेला असतो. स्लाइड हलवू नका, मोठ्या नॉबला हात लावू नका, धूसर दिसलं तर फक्त बारीक नॉब. समोर मेड्युलाच आहे आणि कॉर्पसल दिसतंय, तर ‘थायमस’ लिहून दोन मुद्दे द्या. पहिला मेड्युलामधलं हॅसलचं कॉर्पसल, दुसरा फॉलिकलचा अभाव किंवा अर्धवट सेप्टा. दोन मुद्दे मागितले असतील तर पाच लिहू नका, पाचवा चुकला की पहिल्या चारांवरही शंका येते.

व्हायवात पुढचे प्रश्न येतात, उत्तरं थोडक्यात तयार ठेवा.

फॉलिकल का नाहीत? फॉलिकल बी पेशींचे, अँटिजेन पोचल्यावर कामाला लागणारे. थायमसमध्ये टी पेशी घडतात, लढाई होत नाही. मग थायमसमध्ये फॉलिकल कधी दिसतात? मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायू थकवणाऱ्या आजाराच्या बऱ्याच रुग्णांत मेड्युलामध्ये जर्मिनल सेंटर असलेली फॉलिकल तयार होतात. म्हणून उत्तर देताना ‘नॉर्मल थायमसमध्ये’ हे शब्द वापरा.

थायमस बनलाच नाही तर? डायजॉर्ज सिंड्रोम, २२ क्यू ११.२ चं डिलिशन (बाविसाव्या क्रोमोसोमचा छोटा तुकडा गळालेला). त्याच तिसऱ्या पाऊचमधून खालच्या पॅराथायरॉइड बनतात, म्हणून अशा बाळात कॅल्शियम कमी होऊन झटकेही येतात.

हॅसलच्या कॉर्पसलचं काम काय? ‘माहीत नाही’ हे उत्तर आता जुनं झालं. त्यातल्या पेशी टीएसएलपी नावाचं सायटोकाइन (पेशींना संदेश देणारं प्रथिन) स्रवतात, त्यानं डेंड्रिटिक पेशी जाग्या होतात आणि नियामक टी पेशी घडायला मदत होते.

रक्त कुठून? मुख्यतः इंटर्नल थोरॅसिक आणि इन्फिरिअर थायरॉइड धमन्यांच्या शाखांतून.

लॉगबुकवर सही त्याच दिवशी घ्या, जर्नलमधलं चित्र आणि स्लाइड दोन्ही समोर असताना. सही मागताना चारही लिम्फॉइड स्लाइड बॉक्समधून काढून, लेबल झाकून, क्रम मोडून स्वतःहून ओळखून दाखवा.